जुना रोग आणि देवासचा भाऊ

आमच्या गल्लीत विजेच्या तारेला चिकटून एक वानर मेलं. धारमध्ये अशा वेळी कोणी नगरपालिकेच्या गाडीची वाट बघत नाही. पोरांनी डोकी भादरली, तिरडी बांधली, बँड आणला. पुढे तेरावंही घातलं. मीही खांदा दिला. घरी येऊन आंघोळ केली तर सुट्टीवर आलेली नात हसत होती. ती इंदूरला जीवशास्त्र शिकते. मराठी बोलते, पण मधेच हिंदीत घसरते.

"बरोबर केलंत आजोबा. आपला रिश्तेदारच होता तो."

"तुझ्या कॉलेजचा असेल. माझा नाही."

मग तिने समजावलं. फार म्हणजे फारच पूर्वी कुठल्या तरी पूर्वजाला एक व्हायरस लागला. तो नुसता आजार देऊन गेला नाही, बीजात शिरला, आणि त्याची लिखावट मुलाबाळांत उतरत राहिली. असे ढीगभर तुकडे आपल्या अंगात पडून आहेत. बहुतेक मुके. एखादा कामाचा, आईच्या पोटात बाळाला पोसणारी वार तयार होते ती अशाच एका जुन्या तुकड्याच्या मदतीने.

"और सुनो, काही तुकडे माणसात आणि वानरात अगदी त्याच जागी सापडतात. दोघांना वेगवेगळा रोग लागून जागा तीच कशी मिळेल? म्हणजे पूर्वज एकच."

हे मला लगेच पटलं. मी चौथी शिकलेला, पण जन्मभर माझ्या दुकानात पाण्याच्या जळक्या मोटारी तार गुंडाळून बांधल्या. दोन मोटारींत तारेचा जोड त्याच खाचेत, तशीच गाठ मारलेला दिसला, की कारागीर एकच. याला पुस्तक कशाला लागतं?

पण माझं मन वानराकडे गेलंच नाही. ते गेलं देवासला, थोरल्या भावाकडे.

आमचे वडील एक, आया दोन. त्याची आई अक्षता पडून आलेली. ती वारल्यावर वडिलांनी धारजवळच्या तिरला गावच्या माझ्या आईशी नातरं केलं. म्हणजे सप्तपदी नाही. चुडा भरला आणि घरात आणली. माळव्यात हे सर्रास चालतं, आमच्या मराठी घरांत चालत नाही. देवासकरांनी आम्हाला कधी आपलं धरलं नाही. माझी आई गेली तेव्हा त्यांच्याकडे सुतक नव्हतं. भाऊ मास्तर होता. रस्त्यात भेटला तर "अहो, बरं आहे ना?" म्हणायचा. घरी या, असं नाही म्हणायचा.

तो आजारी असल्याचं कानावर आलं होतं. आता माझ्या हातात पुरावा होता. नातीला काही न विचारता सकाळची बस धरली.

पुतण्या चहा ठेवायला आत गेला. मी बसायच्या आधीच सुरू झालो. "दादा, तुमच्या अंगात एका जुन्या रोगाची लिखावट आहे. माझ्याही आहे, त्याच जागी. आता बोला, भाऊ की नाही?"

त्याने मास्तरासारखं विचारलं, "आणखी कोणाकोणात असते ही?"

खोटं मी बोलत नाही. "सगळ्यांत. वानरातही."

तो खोकला येईपर्यंत हसला. "अरे, मग तुझं सुतक धरायचं तर झाडावरच्यांचंही धरावं लागेल! मला दाढी करायला दिवसच मिळायचा नाही."

मी उठलो, चपला घातल्या. "चहा होतोय, थांब," तो म्हणाला. मी थांबलो नाही. "अहो"चं "अरे" झालं होतं, हे परतीची बस वाटेत इंदूरला पोचल्यावर लक्षात आलं.

घरी सगळं ऐकून नातीने कपाळाला हात लावला. "आजोबा, वो तो बहुत पुराना है. त्याने सगळी माणसंच एक ठरतात, भाऊ नाही ठरत. त्याची टेस्ट वेगळी असते."

"मग आधी बोलायचं होतंस."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

टेस्ट मला नकोच होती. बाप एक, हे तोही जाणून होता. तंटा रक्ताचा नव्हताच, चुड्याचा होता. त्यावर मी रोग काढून दाखवायला गेलो.

दिवाळीनंतर पुतण्याचा फोन आला. "काका, बाबा गेले. तेरावं होऊन गेलं." काका असं तो पहिल्यांदाच म्हणाला.

"आता कशाला सांगतोस?" मी तडकलो.

"बाबांनी सांगून ठेवलं होतं, पहिला फोन धारला करा. पण त्या दिवशी तुम्ही चहालाही थांबला नाहीत. आईला वाटलं, तुम्हालाच आम्ही नकोत. कसं कळवणार होतो?"

भावाचं सुतक दहा दिवसांचं. उशिरा कळलं तर तीन. मी तीन दिवस दुकान बंद ठेवलं. शेजारच्या टायरवाल्याने विचारलं, "भिया, कौन गया?"

"भाई."

"तुम्हारे भाई भी थे? कभी देखा नहीं."

 देवासला त्या दिवशी भाऊ किती खंगला होता, अंगावर काय होतं, काहीच डोळ्यांपुढे येत नाही. आठवायला बसलो की माझंच बोलणं ऐकू येतं. भेटायला आलोय, एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं.