उन्हाळा आकस्मिक नसतो

माझी जीभ तिखट आहे, हे मला कोणी वेगळं सांगायला नको. नवरा गेला तेव्हा त्याच्या जागी धुळ्याच्या एका सरकारी दवाखान्यात मला नोकरी लागली, आणि गेली कित्येक वर्षं स्टोअरमधलं खरेदीचं टेबल माझ्याकडेच आहे. गाव जळगावकडचं, पण तिथे आता वाट बघणारं कोणी राहिलं नाही. धुळ्यातच, देवपुरात, एक खोली आहे. दवाखान्यातून तिथे, तिथून दवाखान्यात.

खरेदीचं टेबल म्हणजे गावभराशी वैर. थोडकी वस्तू असेल तर तीन दुकानांची दरपत्रकं मागवायची, मोठी खरेदी असेल तर निविदा काढायची, आणि पूर-आग असं काही अचानक अंगावर आलं तरच सरळ दुकानातून उचलून आणायचं. रस्ते हे तीनच. आणि लोकांना नेमका तिसराच हवा असतो. मी विचारायची, "कोणत्या नियमात बसवू?" मग माणूस तोंड वाकडं करून जायचा. माझ्या टेबलाशी चहा प्यायला कोणी थांबायचं नाही. न थांबेना का, मला काय त्याचं, असं मी म्हणायची. वाईट वाटायचंच.

थांबायची ती एकटी अक्का. बाळंतिणींच्या वॉर्डाची सिस्टर, शिंदखेड्याकडची, माझ्याहून थोडी मोठी. बाहेर ती शुद्ध बोलायची, माझ्याशी मात्र अहिराणीत. दुपारी एक वाजला की दारातून हाक यायची, "चाल वं, जेवी ले!" तिची कळण्याची भाकरी, माझं वांग्याचं भरीत. दिवसभरात कामाशिवाय माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

संक्रांतीला विधवेला हळदीकुंकवाला कोण बोलावतं? त्या वर्षी अक्काने जेवता जेवता एक नवीकोरी डब्याची पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली. "हाई तुनं वाण." मी म्हटलं, अगं, रीत नाही. तर म्हणते कशी, "चुल्हामा गई रीत!" माझ्या जुन्या पिशवीची चेन तुटलीये, हे तिने बघून ठेवलं होतं. घरी गेल्यावर मी जुनी पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली. ती तिथेच राहिली.

एप्रिल लागला तशी अक्का स्टोअरमध्ये आली. "मन्हा वॉर्डना कूलरनं काय व्हयनं?"

कसले कूलर? माझ्याकडे मागणीच नव्हती.

"अगं, जानेवारीत दिधा व्हता ना तुले कागद. जेवतांना."

मला काही केल्या आठवेना. मी आवक रजिस्टर काढलं, जानेवारीची पानं उलटली. नोंद नाही. आणि मी म्हटलं, "अक्का, आवक क्रमांक सांग."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुन्हा हातमा कागद देवाले क्रमांक कसाले लागस?"

मग ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, बरं, निम्मे कूलर आता दरपत्रकांवर घे, निम्मे पुढच्या महिन्यात. मी म्हटलं, एकाच खरेदीचे तुकडे पाडून निविदा चुकवायची, हे माझ्याकडून होणार नाही. मग आकस्मिक म्हण ना, ती म्हणाली, बाळं भाजून निघतील गं. मला हसू आलं. हसले मी, खरंच. आणि तिच्यादेखत फाईलवर लिहिलं: 'उन्हाळा दरवर्षी येतो. ही आकस्मिक बाब नाही. मागणी विलंबाने प्राप्त झाली. निविदा काढावी.' लिहून झाल्यावर मला माझा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

अक्का उठून गेली. दुसऱ्या दिवशी एक वाजता हाक आली नाही.

निविदेला पहिल्या खेपेस एकच दुकानदार आला, म्हणून मुदत वाढवावी लागली. मे महिना उजाडला. धुळ्याची मेमधली दुपार म्हणजे तापलेला तवाच. अक्काने खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या, घरचा टेबलफॅन आणून लावला. बाळं घामोळ्यांनी लाल झाली होती. एक बाळंतीण पाणी घ्यायला उठली ती नळापाशीच चक्कर येऊन पडली. डोक्याला टाके पडले. तिच्या माणसांनी आरडाओरडा केला, चौकशी लागली, आणि चौकशीत माझी ओळ सापडली. मागणी विलंबाने. अक्काला नोटीस गेली, आणि पाठोपाठ अमळनेरला बदली.

कूलर जूनच्या अखेरीस आले. खरेदी अगदी नियमात, लेखापरीक्षणात एक शेरा नाही. साहेब म्हणाले, "काम शिकावं तर तुमच्याकडून." मी डबा टेबलावरच उघडून एकटी जेवायला लागले होते.

दिवाळीच्या साफसफाईत दारामागची जुनी पिशवी हातात आली. टाकून द्यायच्या आधी सवयीने आतला कप्पा चाचपला. चार घड्या घातलेला कागद. एका कोपऱ्याला ठेच्याच्या तेलाचा डाग. अक्काचं अक्षर, जानेवारीची तारीख. वॉर्डात कूलर किती लागतील, कुठल्या खिडक्यांना, सगळं नीट लिहिलेलं. मी फरशीवरच बसले. मेले मी, असं तोंडातून निघालं, आणि ते ऐकायलाही खोलीत कोणी नव्हतं.

सुट्टी संपल्यावर साहेबांपुढे उभी राहिले. म्हटलं, "मागणी वेळेत आली होती. चूक माझी. तसं लिहून देते."

"बंद झालेली फाईल कशाला उकरता? कूलर आले ना?"

तरी मी लिहून दिलं. आवक नोंद केली, क्रमांक टाकला, एक प्रत घेतली. आणि रजा टाकून अमळनेरची एसटी धरली. पहाटे उठून भरीत केलं होतं, चार भाकरी थापल्या होत्या, दोन तिच्या, दोन माझ्या.

पोचले तेव्हा एक वाजत आला होता. अक्का वऱ्हांड्यात होती, केस बरेच पिकलेले. मी दोन्ही कागद तिच्या हातात दिले, तिचा आणि माझा. म्हटलं, "अक्का, तू दिला होतास. मीच हरवला. माझं चुकलं गं."

तिने माझं पत्र शेवटपर्यंत वाचलं. आवक क्रमांकावर बोट ठेवलं. "हा मात्र टाकलात," म्हणाली. मग कागदांची घडी करून खिशात ठेवली.

आतून कोणीतरी तिला जेवायला हाक मारली. तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. तिनेच दिलेली, भाकरींनी फुगलेली. क्षणभर वाटलं, म्हणेल आता, चाल वं.

"जेवून आल्या असाल ना, मॅडम?"

मी हो म्हटलं.

अमळनेरच्या स्टँडवर बाकावर बसून दोन भाकरी खाल्ल्या. दोन तशाच धुळ्याला परत आणल्या.