आईचं मनगट आणि कोरा चहा

माझ्या आईची हाडं चहानं खाल्ली, असं आमच्या गावात अजूनही कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. बोलणारी माणसं वाईट नसतात. लग्नाकार्यात भेटतात, हातात चहाचा कप धरूनच हे बोलतात. मी त्यांना तिथंच थांबवतो आणि जे झालं ते सांगतो. कितीदा सांगितलं याचा हिशेब नाही, म्हणून आता लिहून ठेवतो आहे.

आमचं गाव म्हसवडपासून थोडं आत, माणच्या कोरड्या रानात. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. वडिलांनी ती विकून दोन म्हशी घेतल्या आणि विहिरीच्या पाण्यावर होईल तेवढी शेती धरली. घरातला पहिला पदवीधर मी. साताऱ्याला वसतिगृहात राहून बी.एस्सी. केलं, पुढं बी.एड. केलं आणि नव्वदनंतरच्या त्या वर्षांत सांगलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. वसतिगृहाचा अर्ज ज्या गुरुजींनी स्वतःच्या हातानं भरून दिला, त्यांच्या पाया मी आजही पडतो. आईच्या मात्र कधी नीट पडलो नाही, कारण तिनं काय दिलं हेच मला बरीच वर्षं दिसलं नव्हतं.

एका सोमवारी शाळेत फोन आला. आई गोठ्याच्या पायरीवरून घसरली होती आणि उजवं मनगट मोडलं होतं. पायरी वीतभर उंचीची. आई पडलीही नव्हती नीट, नुसता हात टेकला होता. वडील तिला एसटीनं विट्यावरून सांगलीला घेऊन आले. फडक्यात बांधलेला हात तिनं पोटाशी धरला होता आणि मला बघून पहिलं काय बोलली, तर "तुझी शाळा बुडाली व्हय रं?"

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"वय काय यांचं?"

पन्नाशीच्या आसपास असेल, मी म्हणालो.

"हाडं सत्तरीची दिसतायत. मावशी, चहा किती वेळा होतो दिवसातनं?"

आई ओशाळली. "लय न्हाई. पाच-सा येळा."

"आणि दूध?"

आईनं वडिलांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "दूध हाय की घरात," ती म्हणाली.

हे उत्तर खरं होतं. दोन म्हशी होत्या, सकाळ-संध्याकाळ धार निघत होती, आणि ती धार आईच काढत होती. डॉक्टरांनी पुढं काही विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. त्यांनी प्लास्टर घातलं, गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "चहा बंद करा. दोन वेळा दूध प्या, नाचणी खा. चहानं हाडं पोखरलीत तुमची."

बाहेरच्या बाकड्यावर बसून मी वडिलांना वर्गात समजवावं तसं समजावलं. चहात कॅफीन असतं, त्यानं शरीरातलं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर जातं, कॅल्शियम कमी झालं की हाडं ठिसूळ होतात. वडील मान डोलावत ऐकत होते. माझ्या शिक्षणाचा त्यांना फार अभिमान होता. आपण केवढं उपयोगी पडलो, असं मला वाटलं. आईला मी वर दरडावलं, "आता चहाला हात लावायचा न्हाई." ती म्हणाली, "बरं बाबा."

तीन आठवड्यांनी रविवारी गावी गेलो. आमच्याकडं आजारी माणसाला बघायला आलेल्याला चहा दिल्याशिवाय परत पाठवत नाहीत, आणि तो चहा दुधाचाच लागतो. कोरा चहा पाहुण्यापुढं ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. ओसरीवर पाच-सहा बायका बसल्या होत्या. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, आमच्याकडंच राहायची. ती कपबशा वाटत होती. मध्ये आई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती. तेवढी एकटीच रिकाम्या हातानं.

"तुला न्हाई हां," एकजण तिच्यापुढून कपबशी बाजूला घेत हसली. "तुज्या हाडास्नी नजर लागंल."

"सा-सा येळा ढोसायची म्हनं. मग काय हुईल?"

"आमी बी पितोय की गं, पर असा न्हाई."

आई हसत होती. गालाची हाडं वर आली होती. तीन आठवड्यांत ती निम्मी झाली होती.

बायका गेल्यावर मी आत्याला विचारलं, "आई सकाळी काय घेती?"

"काय घ्यायचं? चहा बंद हाय न्हवं. तूच सांगितलंस."

"आणि दूध?"

मी भलतंच काही मागतोय असा आत्याचा चेहरा झाला. "दूध डेरीला जातंय," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्याची लाज अजून जात नाही. आई दिवसातून सहा वेळा चहा प्यायची, पण तो कोरा. पाणी, पावडर, साखर. दूध निघायचं ते डेरीच्या किटलीत जायचं. कपभर वडिलांच्या चहाला, कपभर पाहुण्यांसाठी. पहाटे उठून झाडलोट, धार, पाणी, भाकऱ्या, आणि दुपारपर्यंत पोटाला आधार म्हणजे तो कोरा चहा. भूक लागली की ती चुलीवर आधण ठेवायची. आम्ही तिला चहाबाज म्हणायचो. आणि मी तिचं ते आधणही बंद करून टाकलं होतं. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. ज्यात घरातल्या कुणाचंच काही जात नव्हतं ती त्याच दिवशी पाळली गेली. दुसरी सगळ्यांनी विसरून टाकली, आणि त्यात कुणाला काही चुकल्यासारखंही वाटलं नाही.

आणखी एक सांगितलं पाहिजे. घरात दूध पिणारं एक माणूस होतं. तो मी. शाळेत जाताना रोज पितळेचा पेला भरून मला मिळायचा, "शिकणारं पोर हाय" म्हणून. माझं हाड आजवर मोडलेलं नाही.

संध्याकाळी आत्यानं धार काढली. वडील किटली उचलायला आले, तेव्हा मी तिच्यातून तांब्याभर दूध काढून घेतलं.

"काय करतोस?"

"आईला."

"आरं, माप कमी भरंल. आजवर आपली किटली कवा उनी गेली न्हाई. डेरीवाला इचारंल, म्हस आटली काय म्हनून."

"सांगा त्याला, घरात बाई आटलीय म्हणून."

वडिलांशी मी असा कधीच बोललो नव्हतो. आत्या पदर तोंडाला लावून उभी राहिली. "शिकल्यालं लई झालं ह्याचं," ती पुटपुटली. वडिलांच्या कपाळाची शीर उडत होती. वाटलं, आता हात उगारतील. ते किटलीत वाकून बघत राहिले, मग मला म्हणाले, "तिनं मागितलं असतं तर मी न्हाई म्हनलो असतो व्हय?"

हे ऐकून मला जास्तच राग आला. तिनं मागायचं! दावणीला स्वतः बसून जी धार काढते, तिनं त्यातलंच दूध मागायचं! पण मलाही तोंड नव्हतं. एवढी वर्षं पेला रिकामा करून खाली ठेवताना तिला एकदाही विचारलं नव्हतं. वडील किटली घेऊन निघून गेले.

मी दूध तापवून आईपुढं ठेवलं. तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. दुसरा घोट खाली उतरेना. डोळ्यांत पाणी आलं.

"न्हाई रं जात. वशाट लागतंय. सवच न्हाई मला."

मी हट्टानं उभा राहिलो. औषध म्हणून घे म्हणालो, रागावलो, हात जोडले. ती पेल्याकडं बघत बसली. मग हळूच म्हणाली, "ह्यात वाईच चहा घालतोस का?"

मी विज्ञानाचा शिक्षक. कॅफीनचा धडा मीच दिलेला. पेला उचलून चुलीपाशी गेलो, त्यात चिमूटभर पावडर आणि साखर घातली आणि उकळलं. सगळा दुधाचा चहा, पाण्याचा थेंब नाही. ती तो सावकाश, बशीत ओतून, शेवटपर्यंत प्यायली. मी बसून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला परत गेलो, पण तांब्या बाजूला निघायचा तो निघतच राहिला. कोण काढत होतं, ते मला कुणी सांगितलं नाही. आत्या नसावी.

आणखी तीन आठवड्यांनी आम्ही परत डॉक्टरांकडं गेलो. प्लास्टर काढलं, नवा एक्स-रे झाला. हाड जुळून आलं होतं, थोडं तिरकं. बोटं हलत होती.

"चहा सोडला ना, मावशी?"

आईच्या आधी मीच सगळं खरं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कोरा चहा घेत होत्या हे तेव्हा का नाही सांगितलं? चहानं जातं ते थोडंच असतं हो. पोटात दूध-नाचणी जात असेल तर दोन-तीन कपांनी काही बिघडत नाही. यांच्या पोटात तर काही जातच नव्हतं. दुधाचा घेतात ना आता? घेऊ दे."

बाहेर आल्यावर आई जिन्यात थांबली. सुटलेला हात तिनं दुसऱ्या हातात धरला होता. मला वाटलं, दुखत असेल. पण ती रागानं बघत होती. जन्मात पहिल्यांदाच माझ्यावर एवढी चिडलेली मी तिला पाहत होतो.

"मग तीन आठवडं मला उपाशी का ठिवलंस रं?" ती म्हणाली. "एवढं शिकलास, आन् एवढं इचारता आलं न्हाई तुला?"