अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायणगावच्या बाजारात भाजी घेत होते. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा, दत्तूभाऊंचा. "ताई गेली," एवढंच ते म्हणाले. ओतूरच्या शाळेत आम्ही दोघींनी बरोबर नोकरी केली. त्या इतिहास शिकवायच्या, मी मराठी. निवृत्तीनंतर त्या माहेरी, ओतूरजवळच्या वाडीत, भावाकडे राहायला आल्या. बोलण्यात ओलावा दाखवणं त्यांना जमत नसे, मलाही जमत नाही, म्हणून आमचं बरं जमलं.

वाडीत त्यांनी घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर एक फळा लावला. आपल्या भागात त्या दिवशी पूर्वी काय घडलं, ते सकाळी त्यावर लिहायच्या. चैत्र-वैशाखात फळा क्वचितच कोरा असे. पहिली एसटी आली तो दिवस, वीज आली तो दिवस, कालव्याला पाणी सुटलं तो दिवस. सगळं उन्हाळ्यातच कसं, असं मी एकदा विचारलं. "रानातली कामं संपलेली असतात. माणसं चांगलं-वाईट जे काय करायचं ते तेव्हाच करतात," त्या म्हणाल्या. एसटीची वाट बघणारे लोक फळा वाचत, आणि दत्तूभाऊंना त्याचा अभिमान होता.

मग एका वर्षी अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'आजच्या दिवशी विहिरीवर मेंढपाळांशी भांडण झालं.' विहीर त्यांच्याच घराण्याची. वडिलांच्या काळात, दुष्काळाच्या उन्हाळ्यात, तिथून तहानलेली मेंढरं परत फिरवली होती आणि त्यातली बरीच वाटेतच मेली... घरात हा विषय कुणी काढत नसे. "लई शिकलीस म्हणून बापाला चव्हाट्यावर आणतीस का?" दत्तूभाऊ म्हणाले. दुपारी कोंडिबा आले, तेव्हा मी तिथंच होते. कोंडिबा म्हणजे त्या मेंढपाळांपैकी एकाचा मुलगा, आता स्वतः म्हातारा, शेजारच्या शिवारात कांदा करणारा. त्यांनी फळा सावकाश वाचला.

"बाई, लिवलंय ते बरं केलं. पर भांडण न्हाई व्हतं ते. भांडायला दोन बाजू लागत्यात. आमी नुसतं पाणी मागितलं व्हतं."

ताई उठल्या. ओळ पुसून त्यांनी नवी लिहिली, 'आजच्या दिवशी मेंढपाळांना पाणी न देता विहिरीवरून हाकलून दिलं.' कोंडिबा मान डोलावून गेले. संध्याकाळी दत्तूभाऊंनी ओल्या फडक्यानं फळा पुसला. पुढे दरवर्षी त्या दिवशी ताई ते वाक्य लिहीत आणि भाऊ पुसत. रात्री दोघं समोरासमोर जेवायला बसत, फळ्याबद्दल बोलत नसत.

ताई यंदा चैत्रात गेल्या. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेले, तर दत्तूभाऊ ओट्यावर उभे, हातात खडू. ताईंचं वाक्य त्यांनी लिहून काढलं होतं, अक्षरं वर-खाली गेलेली.

"बघा बरं बाई, बरोबर हाय का."

मी वाचलं आणि हो म्हणाले. त्यांनी खडू खाली ठेवला नाही.

"कुणी हाकललं, ते ताईनं कदी लिवलंच न्हाई. माझ्यासाठी सोडलं आसंल."

मग 'मेंढपाळांना'च्या डोक्यावर, उरलेल्या जागेत, त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'आमी'. ते 'आम्ही' असं हवं होतं. मी ते तसंच राहू दिलं.