चूल ओसरीवर आली

लग्न होऊन मी उमरखेडला आले तेव्हा सासरची खानावळ एस.टी. स्टँडच्या समोर होती. सासरे वारल्यापासून ती सासूबाईच चालवत. मी त्यांना मामीजी म्हणायची. नवरा गल्ल्यावर बसे, बाजारहाट करी. पण वरणात मीठ किती आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं किती, हे दोन्ही मामीजी ठरवत. तहसिलीत कामाला आलेली माणसं, गाड्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर, ढाणकीकडचे व्यापारी आणि एकटे राहणारे मास्तर हे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक.

भाकऱ्या थापायला एक बाई येई, माझ्याहून थोडी मोठी. त्यांच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती. आधी ती धान्य निवडायला, मिरच्या कांडायला यायची. मग मामीजींच्या मनगटात वात शिरला आणि त्यांनी तिलाच परातीपुढे बसवलं. गावाला हे माहीत होतं आणि नव्हतंही. चूल मागच्या बाजूला कुडाच्या आडोशाला होती, त्यामुळे ज्याला बघायचं नाही त्याला न बघता जेवता येत होतं. भाकर मात्र सगळेच मागून घेत.

तिचा नवरा झरीकडच्या जंगलात लाकूडतोडीच्या कामावर असे, सणावाराला घरी येई. लेकीला सासूजवळ ठेवून ती कामावर यायची. बोलणं कमी, पण हसली की पार गल्ल्यापर्यंत ऐकू जाई. दुपारी गर्दी सरली की आम्ही दोघी चुलीजवळ बसून जेवायचो. खरपूस झालेली शेवटची भाकर ती माझ्यासाठी बाजूला ठेवायची.

हात धुवायची मोरी मागच्या अंगणात होती आणि तिकडे जायचं तर चुलीला लागून असलेल्या अरुंद बोळातून जावं लागे. त्या बोळात काय चालतं ते मला आल्या आल्याच कळलं. जागा असूनही कुणी घासून जाई. वाढताना कुणी पदराकडे बघून बोले, वाटी घेताना बोटंच धरून ठेवी. मी मामीजींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताट ठेवजो अन् मागं सरजो. तोंडाकडं पाहूच नको." त्या स्वतः तसंच शिकल्या होत्या. भाजी चिरण्यासारखंच अंग चोरून वावरणं हेही बाईच्या कामातलंच एक काम, असं तेव्हा कुणालाच वेगळं वाटत नसे.

गिऱ्हाइकांत कापसाचा एक अडत्या होता. सगळे त्याला शेठ म्हणत. बाहेरगावचे व्यापारी त्याच्याकडे आले की तो त्यांना आमच्याकडेच जेवायला आणी. त्याचं पान आधी मांडलं जाई.

एका दुपारी मी वाढत असताना मागे परात आपटल्याचा आवाज झाला. धावत गेले तर पीठ सांडलेलं, तव्यावर भाकर जळत होती आणि ती नव्हती. मागचं फाटक उघडं होतं. मोरीकडून शेठ रुमालानं हात पुसत आला आणि मला म्हणाला, "तुमची बाई लय भेदरट हाये. नुसतं पाणी मांगतलं तं पळाली."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मामीजींना विचारून मी तिच्या वस्तीत गेले.

ती दारात तूर पाखडत बसली होती. मला पाहून उठली नाही, पण सूप बाजूला ठेवून बसायला पाट दिला. मनगटावर बांगड्या फुटल्याचे ओरखडे होते.

"काय झालं ते सांगशील का?" मी विचारलं. "नसंल सांगायचं तं नको सांगू. मी नुसतीच बसते."

तिची सासू आतून पाणी घेऊन आली. तांब्या माझ्यापुढे धरून ती थांबली, मी घेते की नाही ते बघत. मी पाणी प्यायले, तेव्हा सासू आत गेली.

मग माझी मैत्रीण बोलली. शेठ बरेच दिवस बोळात थांबून काहीबाही बोलत होता. त्या दिवशी त्यानं कुडाच्या आत येऊन तिचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं तोंड दाबलं. तिनं परात पायानं ढकलली, आवाज झाला तसा त्यानं तिला सोडलं.

"अन् आता तोच बाजारात सांगून राह्यला, का मीच त्याच्या मांगं लागलती," ती म्हणाली. "माहा घरवाला होळीले येईन. त्याच्या कानावर हेच पडन, वहिनी."

"तुले काय पाह्यजे? आम्ही काय करावं?"

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "खोटं हाये ते, हे कोणीतरी लोकांत बोलावं. मी बोलली तं कोण आयकते?"

घरी येऊन मी मामीजींना आणि नवऱ्याला एकदमच सांगितलं. नवरा म्हणाला, "दुसरी बाई पाहू. शेठले दुखवून कसं चालन? त्याची पार्टी गेली तं अर्धी पंगत गेली."

मामीजी लसूण सोलत होत्या. "दुसरी आणशीन," त्या म्हणाल्या, "तिचा हात धरला तं तिसरी आणशीन. अन् मंग घरात ही हायेच." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. नवऱ्यानं मान खाली घातली. त्यानंतर तो आड मात्र आला नाही.

बाजाराचा दिवस होता. जेवणघर भरलेलं होतं. शेठ दोन व्यापाऱ्यांना घेऊन आला आणि नेहमीच्या जागी बसला. मी ताट उचलणार तोच मामीजींनी मला थांबवलं. त्या स्वतः पुढे गेल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "शेठ, आजपासून तुमचं पान इथं मांडत नाई."

"काहून?" तो हसतच म्हणाला.

"तुम्ही आमच्या भाकरवालीचा हात धरला. तोंड दाबलं. अन् वरून बाजारात तिचंच नाव खराब करून राह्यले. ती तुमच्या मांगं लागली नाई. हे मी सगळ्यायदेखत सांगते."

मामीजींचा आवाज चढलेला नव्हता, पण पाण्याचे पेले जागच्या जागी राहिले. शेठ सोबतच्या व्यापाऱ्यांकडे बघून म्हणाला, "पाहा. कोणाच्या हातच्या भाकरी चारतात लोकांले, हे आता यायच्याच तोंडून निंगालं. समद्यायले बाटवून राह्यले हे."

कुणी ताटावरून उठलं, त्याचं पाहून आणखी काही उठले. रोज दोन भाकरी जास्त मागून घेणारे एक मास्तरही चप्पल शोधू लागले.

दाराजवळ बंजारा तांड्यावरची एक म्हातारी नवऱ्यासोबत जेवत होती. तहसिलीत काहीतरी काम होतं म्हणून आलेली. आमची आधीची ओळख नव्हती. हातातला घास तसाच धरून ती शेठला म्हणाली, "हात धरतानी बाटला नाई काय, बापू? भाकर खातानीच बाटते?" आणि घास तोंडात घालून ती जेवत राहिली.

एक कंडक्टर हसला. शेठच्या सोबतचा एक व्यापारी खाली बघू लागला. शेठ उठला, टोपी नीट केली आणि निघून गेला. माफी वगैरे काही त्यानं मागितली नाही, नंतरही कधी नाही.

त्यानंतरचे महिने कठीण गेले. माझी मैत्रीण कामावर येत नव्हती, भाकऱ्या मीच थापायची. शेठची माणसं पलीकडच्या हॉटेलात जाऊ लागली. शेजारपाजारच्या बायका मामीजींना भजनाला बोलवेनाशा झाल्या. त्या दिवसांत मामीजी लवकर अंथरुणाला टेकायच्या.

होळीला माझ्या मैत्रिणीचा नवरा आला तेव्हा मामीजी मला घेऊन वस्तीत गेल्या. तो उंच, गप्प माणूस अंगणात उभा होता. बाजारातलं त्यानं येता येताच ऐकलेलं होतं. मामीजींनी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि म्हणाल्या, "तुया बायकोची काही चुकी नाई. आमच्या घरात झालं, म्हून दोष आमचा." तो बायकोकडे वळून म्हणाला, "तू मले कळवलं काहून नाई?" आणि तिच्या बाजूला जमिनीवर बसला. ती तेव्हा रडली. त्या सगळ्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

वस्तीतल्या बायका भोवती जमल्या होत्या. त्यातल्या एका वयस्क बाईनं विचारलं, "आता आमच्या लेकी-सुना तुमच्याकडं पाठवाव्या का नाई, सांगा."

मामीजी म्हणाल्या, "कसं केलं तं पाठवसान?"

मग बायकांनीच सांगितलं. एकटी बाई कामावर नको, दोघी असाव्यात. दिवेलागणीच्या आत घरी सोडावं. आणि माझी मैत्रीण म्हणाली, "मले मांगं कुडात नाई बसायचं. चूल समोर घ्या. लोकं मले पाह्यतीन तं पाहू द्या. ज्याले माया हातची भाकर नको, त्यानं पाहून वापस जावं."

माझ्या नवऱ्यानं स्वतः कूड पाडला. मोरी बाजूच्या गल्लीकडे काढली, म्हणजे कुणाला आतून जायचं कारण उरलं नाही. चूल रस्त्याकडच्या ओसरीवर मांडली आणि माझी मैत्रीण आपल्या जावेला घेऊन कामावर आली. पहिल्या दिवशी तिची पहिली भाकर परातीतच मोडली. जाऊबाईनं पीठ पुन्हा मळून दिलं.

काही लोक तिला पाहून खरंच परत गेले, काही कायमचेच. पण गाडी सुटायच्या आत जेवायचं असलेल्या माणसांना समोर फुगणारी भाकर दिसे आणि ती बसत. वस्तीतली माणसं, जी आजवर आमच्या दारात थांबत नव्हती, तीही आत येऊन बाकावर बसू लागली. पंगत पूर्वीइतकी मोठी झाली नाही, पण खानावळ बंदही पडली नाही.

मला मात्र तिच्या मोठ्यानं हसण्याची वाट बघावी लागली. ते यायला फार दिवस गेले. शेठ समोरच्या रस्त्यानं गेला की ती अजूनही हातातलं काम थांबवायची. तो नजरेआड झाला की पुन्हा थापायला घ्यायची. मी त्या वेळी काही ना काही निमित्त काढून तिच्याजवळ जाऊन बसायची.

पुढे पावसाळ्यात पलीकडच्या हॉटेलात कपबशा धुणारी एक पोरसवदा मुलगी भर दुपारी आमच्या ओसरीसमोर येऊन उभी राहिली. काम मागायला आले म्हणाली, पण नजर सारखी मागे वळत होती. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं तेव्हा माझ्या मैत्रिणीनं मला खुणेनं थांबवलं. तिनं त्या मुलीला चुलीच्या आतल्या बाजूला बसवलं, गरम भाकर आणि ठेचा पुढे ठेवला आणि म्हणाली, "आधी जेव. सांगायचं ते मंग सांगजो. नसंल सांगायचं तरी इथं बस."