काळ्या-पांढऱ्या फोटोतली लाली

“बाई, तुम्ही मागं उभ्या राहा. फोटोत तोंड लाल येईल.”

हेडमास्तर म्हणाले. पिंगळीच्या शाळेत सगळ्या मास्तरांचा फोटो निघत होता. मी पुढच्या खुर्चीवर नवं पातळ नेसून बसले होते. उठले. उठता उठता “बरं सर” पण म्हणाले. इतकी गुणाची मी.

नामांतराचे दिवस होते. शेजारच्या खुर्चीवर मोठ्या घरच्या बाई. त्या म्हणाल्या, “तिकडं विद्यापीठाचं नाव बदला म्हणायलेत, इकडं ह्या तोंडच बदलायल्यात.” सगळे हसले. मीही हसले. ते माझं हसू आठवलं की अजून कानशिलं तापतात.

तोंड लाल होतं, हे खरं. आमच्या बौद्धवाड्यातली पहिली मास्तरीण मी. वाटलं, जरा उजळले की ह्यांच्यात खपून जाईन. मेडिकलमधून गोरं करायची ट्यूब आणली, दोन वर्षं रोज चोळली. गोरेपण राहिलं बाजूला. कातडी पातळ झाली, गाल भाजल्यासारखे लाल, वर बारीक शिरांचं जाळं. परभणीचे डॉक्टर म्हणाले, “आधी ट्यूब फेका. शिरा लेसरनं जातात, पण ते मशीन मुंबईला.” चिठ्ठी दिली. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवून येडीनं ती चिठ्ठी सोन्यासारखी जपली.

मग फोटो आला. ऑफिसात टांगला. ड्रिलमास्तरच्या खांद्यामागं माझं नुसतं कपाळ. बघत उभी राहिले अन् एकदम कळलं.

फोटो काळा-पांढरा होता. लाल येणार कुठून?

डी.एड. झालेल्या बाईला एवढं सुचलं नव्हतं. गाल निमित्ताला होते. त्यांना खुपत होती खुर्चीवर बसलेली मी. त्याला मुंबईतही मशीन नव्हतं.

पुढच्या वर्षी पुन्हा पुढंच बसले.

“बाई, मागं.”

“सर, रोल काळा-पांढराच हाय ना? मग लाल कुठं दिसायलंय तुमाला?”

ह्यावेळी कुणी हसलं न्हाई. फोटोग्राफर कॅमेऱ्यामागं तसाच थांबला. मी उठले न्हाई. फोटो निघाला.

आता नात म्हणते, “आजी, परभणीतच लेसर आलंय, चल की.” वाटलं तर जाईन, न्हाईतर न्हाई. गाल माझे आहेत. तिला मात्र सांगून ठेवलंय: कुणी मागं सरक म्हणालं, तर आधी बूड घट्ट टेकव. कारण मग विचार.