बाई प्रश्न विचारत नाहीत

गणिताच्या बाईंचा नवरा एका सुटीच्या सकाळी मोजे घालता घालता गेला. एक मोजा पायात, दुसरा हातात. बाई स्वयंपाकघरातून सांगत होत्या, "अहो, येताना दिवा आणा, न्हाणीघरातला गेलाय." उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी तेच जरा मोठ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला म्हणून बाहेर आल्या.

हे त्यांनीच मला सांगितलं. माझ्याकडे खडू मागायला आल्या होत्या, तेव्हा ज्या सुरात खडू मागितले त्याच सुरात.

मी त्या शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या आणि माझ्या वर्गात एक पातळ भिंत होती. वर्षानुवर्षं मी मुलांना फुलदाणी काढायला शिकवत होते आणि भिंतीपलीकडून बाईंचा खणखणीत आवाज अपूर्णांकांना झोडपत होता. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि भलता बोलका होता. "घरी मला तोंड उघडायला मिळत नाही, म्हणून इथे ओरडते," असं बाई हसून म्हणायच्या.

तो गेल्यावर जाऊबाई येऊन राहिल्या. बाईंच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही, हे बघून त्याच घाबरल्या. "अगं, रड गं बाई. दगड झालाय तुझा. एकदा मोकळी हो."

"येत नाहीये, तर आणू कुठून?" बाईंनी विचारलं. टोमणा नव्हता, खरोखरच विचारलं होतं.

बाई शाळेत परत आल्या. वेळेवर यायच्या, साडी नीट, डबा बरोबर. पण भिंतीपलीकडे आवाज नव्हता. एकदा न राहवून मी डोकावले. फळ्यावर 'तीन छेद' एवढंच लिहिलेलं, आणि बाई हातात खडू धरून फळ्याकडे बघत उभ्या. मुलं सुरुवातीला खुसखुसली असतील, पण आता हाताची घडी घालून गप्प बसली होती. छेद कितीचा, ते बाईंना आठवत नव्हतं असं नाही. लिहावंसं वाटत नव्हतं, इतकंच.

मुख्याध्यापक मवाळ माणूस. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, "थोडे दिवस वाचनालय बघा. तिथे काही करायचं नसतं."

ते खरंच होतं. व्हरांड्याच्या टोकाला एक खोली, तीत मोडके बाक, एक पोचा आलेला पृथ्वीचा गोल आणि पुस्तकांची दोन लोखंडी कपाटं. पुस्तकं फाटू नयेत म्हणून कपाटं कायम बंद असत, त्यामुळे पुस्तकं अगदी कोरी करकरीत होती. दारावर 'वाचन हाच खरा सोबती' अशी पाटी होती. ती भाषेच्या सरांनी लिहून दिली होती आणि मी रंगवली होती.

बाईंनी झाडायला म्हणून कपाटं उघडली. बंद करायला दार खांद्याने रेटावं लागायचं. तेवढा जोर लावायचं त्यांच्या मनात येईना, म्हणून कपाटं उघडीच राहिली.

ज्या वर्गाचे शिक्षक रजेवर, तो वर्ग वाचनालयात पाठवायचा, अशी पद्धत होती. आधी हे तास भाषेचे सर घेत. प्रत्येकाला एक पुस्तक, त्याचा सारांश, त्यातले कठीण शब्द आणि शेवटी तात्पर्य. मुलं पुस्तक हातात घेताच तात्पर्य कुठे लपलंय ते शोधायला लागत. आता बाईंसमोर उभी राहिली आणि वाट बघू लागली.

"बाई, काय करायचं?"

"काहीही करा. गोंगाट नको."

"पुस्तक घेतलं तर चालेल?"

"घ्या."

"मग लिहायचं काय?"

"काही नाही."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. यात काहीतरी गोम आहे, अशी त्यांना शंका आली. त्या वर्गात एक काटकुळी, टोकदार बोलणारी मुलगी होती. सगळे तिला टाचणी म्हणत. तिने विचारलं, "आणि आवडलं नाही तर?"

"ठेवून द्या."

"अर्धंच वाचून?"

"हो."

"तुम्ही नंतर प्रश्न नाही ना विचारणार?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

ही बातमी शाळाभर झाली. बाई प्रश्न विचारत नाहीत. मधल्या सुटीतही मुलं येऊ लागली. कोणी बाकाखाली पालथं पडून वाचायचं, कोणी नुसती चित्रं बघायचं, कोणी आधी शेवट वाचून मग ठरवायचं की बाकीचं वाचायचं का. एक जाडा मुलगा बेडकांवरचं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत होता. त्याला कोणी 'आता दुसरं घे' म्हटलं नाही. हे सगळं बाई मुद्दाम करत होत्या, असं मला सुरुवातीला वाटलं होतं. तसं नव्हतं. त्यांना मुलं नीटशी दिसतच नव्हती.

टाचणी बोलण्यात पटाईत, पण वाचनात कच्ची. शब्दाखाली बोट ठेवून ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात तिच्या हातून निसटलेली असायची. एके दिवशी तिने पुस्तक आणून बाईंच्या मांडीवरच ठेवलं. "तुम्ही वाचा ना. मी वाचते तर मलाच कळत नाही."

नाही म्हणायलाही जोर लागतो. बाई वाचू लागल्या. डोंगरात टपाल पोचवणारा एक म्हातारा आणि त्याचं हट्टी खेचर, अशी गोष्ट होती. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचावा, तशा आवाजात त्यांनी ती वाचली. ना चढ, ना उतार. पण मुलं जवळ सरकली. बाई रंगवून सांगत नव्हत्या, त्यामुळे म्हातारा कसा खेकसतो आणि खेचर कसं फुरफुरतं, ते मुलंच करून दाखवू लागली.

तिसऱ्या-चौथ्या तासाला दोन पानं चिकटलेली आली. बाईंनी ती एकदम उलटली आणि वाचत राहिल्या. खोलीत एकच आरडाओरडा झाला.

"बाई! खेचर पुलावर अडलं होतं, गोठ्यात कसं पोचलं?"

बाई थांबल्या. पुस्तकाकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. "मी वाचत होते, पण तिथे नव्हतेच," असं त्यांनी नंतर मला सांगितलं. त्या दिवशी पुस्तक घरी नेलं आणि ओट्याशी उभ्या उभ्या पुलाचा भाग वाचला.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"काही नाही वाटलं. पण खेचर पुढे कसं गेलं ते कळलं. ते कळायला हवं होतं."

वाचनालय भरलेलं बघून भाषेच्या सरांना उत्साह आला. माणूस वाईट नव्हता. मुलांनी वाचावं म्हणून इतकी वर्षं जीव तोडून मेहनत त्यांनीच केली होती. शिक्षकांच्या बैठकीत ते म्हणाले, "गोडी लागलीय, आता दिशा द्यायला हवी. स्पर्धा ठेवू. प्रत्येक पुस्तकाचा बोध लिहायचा, भिंतीवर तक्ता लावायचा."

"तपासणार कोण?" बाईंनी विचारलं.

"अर्थात तुम्ही."

"माझ्यात तेवढं बळ नाही, सर."

मुख्याध्यापक खोकले आणि म्हणाले, "मग तूर्त राहू दे."

सरांनी आपल्या वर्गापुरती स्पर्धा घेऊन पाहिलीच. आठवडाभरात शाळेतली सगळ्यात पातळ पुस्तकं संपली आणि जाडी तशीच राहिली. मग एका दुपारी ते वाचनालयात येऊन मागच्या बाकावर बसले. बाकाखालची मुलं उठून सरळ बसली. सर शेवटपर्यंत ऐकत बसले आणि तास संपल्यावर उठून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. म्हणाले, "काल खेचर बर्फात अडकलं, तिथे अर्धवट राहिलं होतं."

गोष्टीच्या शेवटाकडे ते खेचर मेलं. बाईंनी तेही पान त्याच आवाजात वाचलं. बेडूकवाल्या जाड्याने बाहीला नाक पुसलं. भाषेचे सर चष्मा काढून काचा बघत बसले. मीही दारात उभी होते, आणि खरं सांगायचं तर माझी नजर बाईंवर होती. आता बांध फुटेल, असं मला वाटत होतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

"बाई, तुम्हाला वाईट नाही वाटलं?" टाचणीने विचारलं.

"नाही."

"जरासुद्धा?"

"नाही गं."

"मग कधी वाटणार?"

"माहीत नाही."

टाचणीने थोडा विचार केला. "वाटलं की सांगा हं," ती म्हणाली आणि दुसरं पुस्तक शोधायला कपाटाकडे गेली. जाऊबाईंनी, मी, सगळ्यांनी इतके दिवस बाईंना जे-जे सांगितलं होतं, त्यात एवढं साधं काही नव्हतं.

पुढच्या वर्षी बाईंनी सकाळचे गणिताचे तास परत घेतले. भिंतीपलीकडून आवाज येऊ लागला, पूर्वीसारखा नव्हे, पण छेदाखाली आकडे पडू लागले. दुपारी त्या वाचनालयात बसायच्या. काही पुस्तकं हरवली, बरीच फाटली. मुख्याध्यापक कुरकुरले, मग स्वतःच डिंकाची बाटली घेऊन आले.

टाचणी आता लहान मुलांना वाचून दाखवायची. बोट अजून ओळीखाली फिरायचं आणि अवघड शब्दापाशी ती घाटातल्या गाडीसारखी धापा टाकायची. लहानग्यांना घाई नव्हती. नवरा गेल्यापासून बाईंना धड झोप नव्हती. एका दुपारी टाचणीचं वाचन ऐकता ऐकता त्यांची मान कलली, आणि खुर्चीतच त्यांना गाढ झोप लागली. टाचणी थांबली. कोणीतरी उठून खिडकीचं दार ओढून घेतलं, कारण ऊन बाईंच्या तोंडावर येत होतं. मग टाचणीने उरलेली गोष्ट कुजबुजत वाचली, आणि घंटा झाल्यावर मुलं चपला हातात घेऊन बाहेर पडली.