लाइनचा कोच रस टॅकेट

लग्नाला तेवीस वर्षं झाली आणि तेवढ्यात आठ गावं झाली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान कपाटं उतरवावी लागत नाहीत.

माझा नवरा रसेल टॅकेट, सगळे त्याला रस म्हणतात. कॅन्ससच्या एका लहानशा कॉलेजात फुटबॉल खेळायचा. आमचा फुटबॉल, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. रस सेंटर होता: खाली वाकायचं, पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि लगेच समोरचा दीडशे किलोचा माणूस अंगावर घ्यायचा. चार वर्षांत त्याच्या हातून एकदाही चेंडू सुटला नाही. चार वर्षांत पेपरात नाव आलं एकदा, तेही चुकीचं छापलं. माझी आई पहिला सामना बघून म्हणाली, "नोरीन, मुलगा चांगला असेल गं, पण मला तर मेलं त्याचं ढुंगणच दिसलं."

मोठ्या संघांनी काही त्याला विचारलं नाही. त्याच्या कोचने विचारलं, "राहतोस का इथंच?" तो राहिला. दोन वर्षं सामन्यांची चित्रफीत बघायच्या खोलीत सोफ्यावर झोपला, मग लाइनच्या, म्हणजे पुढच्या फळीत आदळणाऱ्या पोरांचा असिस्टंट कोच झाला आणि तोच राहिला. या धंद्यात मुख्य कोचला काढलं की त्याच्या हाताखालचे सगळे जातात. मग दुसरं कॉलेज, दुसरं गाव. प्रत्येक कॉलेजचा एक रंग, आणि आमची सगळी कपाटं त्या रंगाची. नोकरी गेली की शर्ट, टोप्या, रेनकोट सगळं पिशव्यांत भरून चर्चला द्यायचं, कारण जुना रंग घालून नव्या गावात फिरलं तर लोक तोंडावर ऐकवतात. लाल झाला, हिरवा झाला, नारिंगी तर दोनदा झाला.

पहिल्या वेळी रस रडला. तिसऱ्या वेळी मी रडले. पाचव्या वेळी कुणीच नाही. लोक म्हणतात, सवय झाली असेल तुम्हाला. सवय कसली डोंबलाची! दाताच्या डॉक्टरने सुई दिली की गाल कसा होतो, तसे झालो आम्ही. चावलं तरी कळत नाही.

आमची मुलगी टेसा सतरा वर्षांची. तिने कधी काही मागितलं नाही, एकच मागितलं. शाळेच्या शेवटच्या वर्षी, घरच्या मैदानावरच्या शेवटच्या बास्केटबॉल सामन्याआधी, मुली आईबापांना घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातात. माइकवरून नावं पुकारतात. "डॅड, माझा एकही सामना तू बघितला नाहीस. दुसऱ्यांच्या पोरांचे बघत होतास. त्या दिवशी मात्र माझ्या बाजूला चालायचं."

"येईन," रस म्हणाला.

नोव्हेंबरमध्ये रसचा संघ हंगामातला शेवटचा सामना तीन गुणांनी हरला. रविवारी सकाळी नऊला मुख्य कोचला काढलं. दहाला रसचा फोन आला.

"नोरीन, दार उघडत नाहीये."

"कुठलं दार?"

"ऑफिसचं. कार्ड चालत नाहीये."

"मग घरी ये. चिली केलीय."

आला. दोन वाडगे चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण खाल्लं, वर दालचिनीचा रोल. शेजारची मर्ना भांडंभर चीज-बटाटे भाजून घेऊन आली, घरात कुणी गेल्यावर आणतात तसे. मी जांभळे शर्ट पिशवीत भरत होते.

जानेवारीत नॉर्थ डकोटात नोकरी मिळाली, गाडीने नऊ तास. रस एकटा गेला. टेसाची शाळा संपेपर्यंत मी तिच्याजवळ राहिले.

"कसं आहे तिथं?" मी फोनवर विचारायची.

"थंड."

"आणि माणसं?"

"पोरं चांगली आहेत. पाय जड आहेत."

फेब्रुवारीत टेसाच्या सामन्याची तारीख आली, शुक्रवार. त्याच्या नव्या मुख्य कोचने नेमकी गुरुवार ते शनिवार बैठक ठेवली. आता मात्र माझं डोकं फिरलं.

"रस, तू आला नाहीस ना, तर मग कधीच येऊ नकोस. तिथंच दुसऱ्यांची पोरं सांभाळत बस."

मग म्हणाला, "विचारतो."

या माणसाने तेवीस वर्षांत कुणाजवळ काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. पण त्याने विचारलं. आणि आला. सामन्याला दहा मिनिटं उरली असताना नव्या कॉलेजचं निळं जाकीट घालून जिमच्या दारात उभा. टेसाने त्याला बघितलं आणि खुदकन हसली. अशी ती सहा वर्षांची असताना हसायची. मला वाटलं, चला, अजून मेलं नाही सगळं.

माइकवरून पुकारा झाला, "टेसा टॅकेट, रसेल आणि नोरीन यांची कन्या." आम्ही तिघं चाललो. मध्यावर थांबायचं असतं. तिथं बाप मुलींना मिठी मारतात, रडतात, कानात काहीतरी बोलतात. टेसा त्याच्याकडे वळून उभी राहिली.

रसने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोनदा थोपटला. तो पोरांना आडनावानेच हाक मारतो, सगळेच कोच मारतात.

"शाब्बास, टॅकेट," तो म्हणाला. "मान वर. पाय हलते ठेव."

टेसाचं हसू तिथंच राहिलं, फक्त त्यात कुणी नव्हतं.

"हो, कोच," ती म्हणाली आणि मैत्रिणींच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

आम्ही बाकावर येऊन बसलो. सामना सुरू झाला. बऱ्याच वेळाने रसने विचारलं, "नोरीन, मी काय म्हणालो तिला?"

मी सांगितलं. त्याने मान हलवली. मला त्याचा राग यायला हवा होता. मी वाट बघितली. आलाच नाही.